सुभेदारमामांची तिहेरी

जगातील कोणतीही गोष्ट एका महिन्यात साध्य होते आणि न झाल्यास दोष त्या महिन्याचा असतो, असे मनापासून मानणारा एकच मनुष्य मला आयुष्यात भेटला. आणि तो माझ्या पत्नीचा सख्खा मामा निघावा, या धक्क्यातून मी अद्याप पुरता सावरलेलो नाही. मामा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन कोरेगावच्या बाजूला, कृष्णेकाठच्या आपल्या गावी ऊस पिकवीत होते. मी त्याच गावच्या हायस्कुलात गणित शिकवीत असे आणि सपत्नीक मामांच्याच घरी राहत असे. फळ्याकडे तोंड करून मी तासभर बोलू शके; माणसांकडे तोंड केले की मात्र माझा घसा कोरडा पडे. मामांचे नेमके उलट होते. चार माणसे समोर दिसली की काहीतरी जाहीर केल्यावाचून त्यांना राहवत नसे. त्यांच्या पलटणीत पूर्वी एक शर्यत होई : आधी नदी पोहून जायची, मग सायकल हाणायची आणि शेवटी पळायचे. मामा तिला ‘तिहेरी’ म्हणत. कोणे एके काळी तिच्यात त्यांचा दुसरा क्रमांक आला होता. पहिला कोण आला, असे मी एकदा भीत भीत विचारले, तेव्हा ते तुच्छतेने म्हणाले, “त्यो वीस वर्सांचा व्हता, जावईबापू. त्यात त्येचं काय कवतिक?”

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षे झाली होती. त्या फाल्गुनात मामांच्या एकुलत्या एका मुलीचे, शालनचे, सांगलीच्या एका सधन घरात लग्न झाले. पंगती उठल्या होत्या, मांडवात पाने लावली जात होती, आणि व्याही अगदी सहज, चुना शोधता शोधता म्हणाले, “सुभेदार, पंचमीला मुराळी म्हनून तुमी कशाला तरास घेताय? वय झालं तुमचं. आमीच पोचवू की पोरीला.” आमच्याकडे नागपंचमीला सासरच्या मुलीला आणायला माहेरचा जो माणूस जातो, तो मुराळी. त्यातही लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीचा मुराळी म्हणजे केवढा मान! मामा ताडकन उभे राहिले. “ऐका मंडळी! पंचमीचा मुराळी मी सोता. आमच्या गावाफुडची कृष्णा पवून, सांगलीपतुर सायकल हानून, शेवटची सा मैलं पळत येनार. पंचमीच्या आदी तसा तुमच्या दारात न्हाई पोचलो, तर माझी पोरगी धाडू नका!”

मांडवात पाने लावणारे हात जागीच थांबले. छप्पन्न वर्षांच्या एका माणसाने आपल्या लेकीची पहिली पंचमी स्वतःच्या पोटऱ्यांवर पणाला लावली होती, आणि तीही तिला किंवा तिच्या आईला न विचारता. शालन नव्या शालूत बसल्या जागी पांढरी पडली. मामींनी त्या क्षणापासून मामांशी बोलणे सोडले. घरात त्यांचे सारे म्हणणे माझ्यामार्फत जाऊ लागले. “जावईबापू, त्यास्नी सांगा, जेवाय वाढलंय,” असे त्या मामांच्या ताटात भाकरी ठेवीत म्हणत, आणि मी वळून, “मामा, जेवायला वाढले आहे,” असे सांगत असे. मामा गंभीरपणे मान डोलावीत.

मार्चच्या पहिल्या तारखेला मामांनी गोठ्याच्या दारावर गेरूने महिन्याचे लक्ष्य लिहिले : रोज नदी दोनदा पार, रोज साताऱ्यास सायकलने जाऊन येणे, रोज पाच मैल पळणे. चौथ्या दिवशी त्यांची कंबर धरली आणि पुढचे आठ दिवस ते पालथे पडून शेकून घेत होते. कोणीही शहाणा मनुष्य एप्रिलचे लक्ष्य कमी करील. मामांनी मार्चमध्ये राहून गेलेले सारे मैल एप्रिलच्या मैलांत मिळवले. “फौजेत राह्यलेलं काम माफ न्हाई व्हत, जावईबापू,” ते म्हणाले, “उद्याच्यात पडतं.” एप्रिलमध्ये पाचव्या दिवशी गुडघा गेला, एप्रिलचे मैल मेमध्ये पडले. मे महिन्याच्या पहिल्या तारखेला दारावरचे आकडे पाहून मी सर्द झालो. रात्रभर अस्वस्थ राहून मी सकाळी कागदावर त्रैराशिक मांडले आणि अत्यंत संकोचाने त्यांना दाखवले की, या हिशेबाने त्यांना प्रत्येक दिवशी सव्वीस तास पोहावे, पळावे आणि सायकल चालवावी लागेल. मामांनी कागद लांब धरून पाहिला, मिशीवरून बोट फिरवले, आणि म्हणाले, “हां. मंजे लवकर उठाय पायजे.”

याहून मोठा धक्का पुढे होता. तिहेरीला सोबत साक्षीदार हवा, आणि साक्षीदार मी, असे त्यांनी परस्पर ठरवून टाकले. वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत मी सायकलला कधी हात लावला नव्हता आणि नदीला नमस्कार करण्यापलीकडे तिच्याशी माझा संबंध नव्हता. मी जावई असल्यामुळे त्यांना माझ्यावर ओरडता येईना, आणि फौजी असल्यामुळे ओरडल्याशिवाय शिकवता येईना. “जावईबापू, हांडेल सरळ धरा, मेहेरबानी करून!” असे ते शिवारभर ऐकू जाईल अशा आवाजात विनवीत. माझ्याविषयी त्यांना फारशी आशा नव्हती, म्हणून माझी लक्ष्ये त्यांनी फार लहान ठेवली. मार्चमध्ये नदीत गुडघ्याएवढ्या पाण्यात उभे राहायचे. एप्रिलमध्ये कमरेएवढ्या. मेमध्ये पाठीला सुके भोपळे बांधून तरंगायचे. जूनमध्ये, पाणी चढण्यापूर्वी, त्याच भोपळ्यांच्या आधाराने पलीकडे जायचे. सायकलीवरून मार्चमध्ये रोज दहादा पडायची मला मुभा होती. आणि काय सांगावे, माझे एकही लक्ष्य चुकले नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी भोपळ्यांसह कृष्णा पार केली आणि पलीकडच्या काठावर उभा राहून चकित होऊन स्वतःच्या ओल्या पायांकडे पाहत राहिलो. त्याच आठवड्यात मामा खांद्याला लेप लावून ओसरीवर पडले होते. या दोन गोष्टींतला अर्थ मला दिसत होता. परंतु तो त्यांना सांगण्याचे धाडस मला झाले नाही, आणि त्यांनी तो स्वतःहून पाहिला नाही.

पंचमीला चार दिवस उरले असता आम्ही निघालो. श्रावणातली कृष्णा तांबडी होऊन दोन्ही थड्या घासत चालली होती. दोन्ही सायकली घेऊन मला बैलगाडीतून पुलावरून पलीकडे जायचे होते. मामा लंगोट कसून पाण्याकडे निघाले, तोच मामी मागून भोपळे घेऊन आल्या आणि पाच महिन्यांत प्रथमच थेट नवऱ्याला म्हणाल्या, “ह्ये बांधल्याबगर पान्यात पाय टाकायचा न्हाई.” मामा इतके दचकले की निमूट पाठ करून उभे राहिले. मामींनी तीन भोपळे गच्च आवळून बांधले आणि मागे न पाहता घरी गेल्या.

पलीकडे मी वाट पाहत होतो तिथे मामा आलेच नाहीत. प्रवाहाने त्यांना खालच्या अंगाला ओढून नेले होते. मी काठाने धावत सुटलो. आता मामींना काय सांगू, एवढेच मनात घोळत होते. इतक्यात पुढच्या वळणावर आरोळी ऐकू आली. पाठीवर तीन भोपळे, डोक्यावर शेवाळ, असा एक उघडा मनुष्य उसातून बाहेर येताना पाहून शेताचा धनी बांधावरून पळत सुटला होता, आणि मामा त्याच्यामागून ओरडत होते, “अरं गड्या, भितोस काय! लेकीला आनाय चाललोय!”

त्या दिवशी कऱ्हाड गाठले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूर. वाटेत मामा कशाकडेही पाहत नव्हते; मान पुढे, नजर चाकावर. तिसऱ्या दिवशी दुपारी सांगली सहा मैलांवर राहिली, तेव्हा त्यांनी सायकल माझ्या हाती दिली आणि पळायला सुरुवात केली. मी दोन्ही हातांनी दोन सायकली ढकलीत मागून चाललो. चार मैल ते खरोखर पळाले. नंतर पळण्याचे चालणे झाले आणि चालण्याचे लंगडणे. आणि सांगलीच्या पुलाअलीकडे दोन सायकली ढकलीत जाणारा मी त्यांच्या पुढे निघून गेलो. आपण काय केले हे ध्यानात येताच मी शरमून थांबलो आणि घंटी सैल झाल्याचे निमित्त करून ती उगीच तपासू लागलो. मामा शेजारून गेले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. “पाय ऐकत न्हाईत, जावईबापू,” ते एवढेच म्हणाले.

व्याह्यांच्या दारात ते दोन्ही बूट हातात घेऊन, अनवाणी उभे राहिले. व्याही बाहेर आले आणि पाहतच राहिले. “आवं, सुभेदार! ह्यो काय अवतार? पोरगी तर काल सकाळच्या येस्टीनं धाडली की तुमच्याकडं!”

“आन् अट?”

“कसली अट?” व्याही खरोखर आठवू लागले. “मांडवातलं बोलनं व्हय? आवं, पान खाताना बोललेलं कोन धरून बसतंय!”

मामा पायरीवर मटकन बसले. पाच महिन्यांचे गेरूचे आकडे मला डोळ्यांपुढे दिसू लागले. विहीणबाईंनी कढत पाण्याची बादली आणून त्यांच्या पायांपाशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकली एस.टी.च्या टपावर टाकून आम्ही परतलो. शालन दारातच उभी होती. वडिलांचे पाय पाहून ती भडकली. “आबा, तुमास्नी निगूच द्यायचं न्हाई म्हनून मामंजींच्या मागं लागून आदी आले मी! कऱ्हाडाफुडं येस्टीतनं दिसलात, केवडी वरडले! मान तरी वर करायची!”

मामा ओसरीच्या खांबाला टेकले. शेजारीपाजारी जमले होते. ते हळू पण स्वच्छ आवाजात म्हणाले, “पोरी, अट पुरी झाली न्हाई. शेवटाला मी चालत पोचलो. शबूद मोडला. रीतीनं तुला म्हागारी धाडाय पायजे.”

हा मनुष्य ते खरोखरच करील, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. मामी हातात तांब्या घेऊन तशाच थिजल्या. मग एकेक करून सारे माझ्याकडे पाहू लागले. साक्षीदार मी होतो. समोर फळा नव्हता, माणसे होती. आयुष्यभर मुलांना उत्तर ताडून पाहायला शिकवीत आलेला मी पुढे झालो आणि माझाच आवाज मला ऐकू आला : “मामा पळत होते. मी मागेच होतो. फक्त… फार सावकाश पळत होते.”

मामांनी डोळे वर केले. मी पुलाअलीकडे त्यांच्या पुढे गेलो होतो, हे आम्हा दोघांना ठाऊक होते.

“झालं तर,” मामी तांब्या खाली ठेवीत म्हणाल्या. “जावई बोललाय. जावयाला खोटं पाडाय ह्या घरात कोन हाय?”

कोणीच नव्हते. मामांनी माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली.

पंचमीच्या दुपारी शालन गावाबाहेरच्या लिंबाकडे निघाली. मामा सुजलेल्या पायांनी तिच्यामागून गेले. चार पावले चालून ती थांबे, ते पोचत, मग दोघे पुन्हा निघत. लिंबाखाली ती झोक्यावर बसली आणि त्यांनी झोका द्यायला घेतला. दुसऱ्याच हेलकाव्याला त्यांना दम लागला आणि ते बुंध्याशी खाली बसले. शालनने पाय टेकून झोका थांबवला, उतरली, आणि त्यांच्याशेजारी येऊन बसली.