क्रियापदांची येरझार

आमची ही घरी इंग्रजी शिकवते, आणि तेही चालवून. "टर्न बॅक म्हणजे अर्ध्या वाटेतून माघारी. गो बॅक म्हणजे आधी होतात तिथं पुन्हा जा. कम बॅक म्हणजे मी उभी आहे तिथं या. चला, चालून दाखवा." मग एखादी नर्स नाहीतर विमा एजंट दारापासून मोरीपर्यंत येरझाऱ्या घालतो. मी खिडकीशी बसून घड्याळं दुरुस्त करतो. जमीन हादरली की तिळाएवढा स्क्रू उडतो आणि मी गुडघ्यांवर येतो. सव्वीस वर्षं हेच चाललंय. तक्रार केली की म्हणते, "जागच्या जागी तोंड फिरवण्याला टर्न राउंड म्हणतात. तेवढं तरी करा."

चूक दिसली की हिला राहवत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरसुद्धा लाल पेन चालवते. डॉक्टर आता हिची चिठ्ठी कंपाउंडरकडून लिहून घेतात.

मुलगी हट्टात हिच्यावरच गेलीय. कॉलेजचं शेवटचं वर्ष सोडून तिनं दुसऱ्या गावी सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. "पदवी घेतल्याशिवाय या घरात पाऊल टाकू नकोस," असं ही म्हणाली, आणि तिनं टाकलं नाही. त्याला दोन वर्षं झाली. माझ्याशी ती फोनवर बोलते, पण आईचं नाव निघालं की विषय बदलते. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे मी.

गेल्या मंगळवारी शिकवणी चालू असताना हिचा फोन वाजला. हिनं वाचलं, काहीतरी टाइप केलं, विद्यार्थ्यांना लवकर सोडलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली. फोन टेबलावरच राहिला होता; मी चष्मा चढवून तो पाहिला. मुलीनं लिहिलं होतं, 'आय विल रिटर्न बॅक होम ऑन संडे, इफ यू अलाऊ.' माझे डोळे भरून आले. खाली हिचं उत्तर गेलेलंही होतं: 'रिटर्नच्या पुढे बॅक लागत नाही.'

मी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, पोरगी घरी यायचं म्हणतेय आणि तू पेपर तपासतेस?"

"चूक होती."

"मग 'ये' एवढं तरी लिहायचंस."

"लिहिणारच होते. पण आधी ते दिसलं."

या बाईपुढे मी हात टेकले.

बुधवार गेला, गुरुवार गेला, पलीकडून एक शब्द नाही. ही दर पाच मिनिटांनी फोन बघायची. टर्न अप म्हणजे न कळवता उगवणं, हे नर्सला समजावताना हिनं दोनदा दाराकडे पाहिलं. पण स्वतःहून एक ओळ लिहील तर शपथ. मला हिचा राग येत होता आणि हिची कीवही येत होती.

शुक्रवारी न राहवून मी जिन्यात जाऊन मुलीला फोन लावला. "आईचं मनावर घेऊ नकोस गं. तिला दुसरं काही सुचत नाही. रविवारी ये."

"तिकीट काढलंय बाबा. तिला काय लिहू तेच कळेना, म्हणून थांबलेय."

"पण तू चिडली नाहीस?"

"तुम्ही वरचे मेसेज वाचले नाहीत वाटतं," ती म्हणाली. मी खरंच वाचले नव्हते. "दर महिन्याला मी तिला लिहितेय. दोन वर्षांत तिनं हे पहिल्यांदा उत्तर दिलं."