ओठांचा रंग स्वाभाविक

रंगपटात त्यांना सगळे मास्तर म्हणत. चाळीस वर्षं मास्तरांनी पोरसवद्या नटांना म्हातारं केलं आणि साठीच्या नायिकांना सोळाव्या वर्षात नेऊन बसवलं. तसे हात पुन्हा होणे नाही. त्याच मास्तरांच्या बायकोचे ओठ गेल्या वर्षी निळसर दिसू लागले.

हृदयाची झडप निकामी होत आली होती. खासगी इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया या गुरुवारीसुद्धा करू, पण तीन महिन्यांपुढे ढकलू नका. आणि त्यांनी खर्च सांगितला. तेवढ्यासाठी राहत्या दोन खोल्या विकाव्या लागल्या असत्या. परदेशी असलेली लेक फोनवर म्हणाली, "बाबा, आईला घेऊन इकडे या. तिचे कागद मी करून ठेवलेत. इथे एक पैसा पडत नाही."

खरंच पडत नव्हता. तिकडे फक्त रांग होती, आणि रांगेत कोणाला कुठे उभं करायचं ते पहिल्या तपासणीत ठरायचं.

दोघं लेकीकडे गेले. तपासणीच्या सकाळी मास्तरांनी रंगाची पेटी उघडली. परक्या मुलखात, परक्या डॉक्टरीणबाईंसमोर बायकोने रया गेलेल्या चेहऱ्याने बसावं हे त्यांच्याने बघवेना. तासभर खपून त्यांनी गालांवर जेमतेम कळेल एवढी लाली चढवली आणि ओठांचा निळेपणा बेमालूम झाकला.

"अहो, लग्नातसुद्धा एवढी नटले नव्हते मी," बायको म्हणाली.

"लग्नात मी कुठे होतो रंगवायला? मुंडावळ्या सांभाळत बसलो होतो."

डॉक्टरीणबाईंनी कसं वाटतंय विचारलं, तेव्हा पाहुण्याघरी सांगावं तसं ती हसून म्हणाली, बरी आहे. आठवड्याने पत्र आलं. चौदा महिने थांबा. खाली तपासणीचा शेरा होता. लेकीने तो वाचला आणि पुन्हा वाचला.

"ओठांचा रंग स्वाभाविक असं लिहिलंय. बाबा, तुम्ही तिला रंगवलंत?"

मास्तरांनी मान खाली घातली. कोणी त्यांच्या कामाला फसलं याचं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा रडू आलं.

दुसऱ्याच दिवशी ते बायकोला तशीच, बिनरंगाची घेऊन गेले. हात जोडून, मोडक्यातोडक्या भाषेत सगळं कबूल केलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी बोटं पाहिली, नखं पाहिली, बराच वेळ छाती ऐकली आणि तिचं नाव वर सरकवलं. चौदाचे पाच महिने झाले. रांगेत पुढे होते त्यांची अवस्था तिच्याहून वाईट होती, त्यांना मागे सारणं डॉक्टरीणबाईंच्या हातात नव्हतं.

बाहेरच्या बाकावर बसून मास्तरांनी बोटांवर महिने मोजले. इस्पितळातल्या डॉक्टरांनी दिलेल्या तीन महिन्यांतला एक सरला होता. त्यांनी मायदेशी धाकट्या भावाला फोन लावला आणि खोल्यांना गिऱ्हाईक बघ म्हणून सांगितलं, मिळेल त्या किमतीला.

बायकोने सगळं ऐकलं. बोलायला तिला दोनदा श्वास घ्यावा लागला.

"आणि मी बरी झाले, तर राहायचं कुठे?"

"तू बरी हो," मास्तर म्हणाले.