प्रतिभा स्क्रीनवर बाळंत झाली

आमच्या आरोग्य केंद्रात किस्से कोणी गोळा करत नाही, ते आपोआप साचतात. गावात नेट नसतं, टॅबमध्ये नोंदी साचत जातात आणि एखाद्या दिवशी रेंज आली की सगळ्या एकदम वर जातात. तसंच समजा. आज माझी रेंज आली आहे!

मला खटकलेली पहिली गोष्ट अगदी बारकी होती. साकोलीच्या कॉलेजातून बीएस्सी करून मी इथे डेटा ऑपरेटर म्हणून लागले. महिन्याची पहिली तारीख, माझं पहिलं लॉगिन. आणि स्क्रीनवर आमच्या केंद्राचं त्या महिन्याचं सगळं काम हिरवंगार! म्हणजे पूर्ण झालेलं. माझी खुर्ची अजून गरमसुद्धा झाली नव्हती. छातीत धस्स झालं. मला तसं प्रिंटर सुरू झाला तरी धस्स होतं, म्हणून आधी पाणी प्यायले आणि मग तालुक्याच्या सरांना फोन लावला.

"सर, अजून काहीच भरलं नाही आणि सगळं हिरवं दिसतंय."

"हिरवं आहे नं?"

"हो सर."

"मंग तुम्हाले काय तरास होऊन राहिला, मॅडम?"

*

रंगांचं आधीच सांगून ठेवते. हिरवं म्हणजे काम झालं, लाल म्हणजे धोका. एकोडीची प्रतिभा पहिलटकरीण. सातव्या महिन्यातच तिचं बीपी वर गेलं होतं. आमच्या डॉक्टरांनी मला बजावलं, "हिची डिलिव्हरी इथे करायची नाही, भंडाऱ्यालाच न्यायची. ही यादीत लाल राहिली पाहिजे. लाल असेल तरच एका फोनवर गाडी सुटते."

तेव्हापासून मी सकाळी आल्याबरोबर आधी प्रतिभाची लाल पट्टी बघायची. लोक देवाचं दर्शन घेतात. आपल्याला जे मिळालं ते आपण घ्यावं!

*

एकोडीच्या आशाताई म्हणजे विमलताई. सरकारने त्यांना टॅब दिला, रेंज दिली नाही. दोन्ही एकाच वेळी दिलं तर सवय बिघडते. गावात रेंज मिळते ती फक्त तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर. विमलताई घरोघरी जाऊन माहिती घेत, संध्याकाळी पाळीवर चढत आणि तिथून सगळं पाठवत. पाठवताना ॲप जागाही टिपून घेतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

एकदा जिल्ह्याहून एक साहेब आले. त्यांनी मोठ्या पडद्यावर नकाशा उघडला आणि चष्मा पुसला.

"एकोडीच्या सगळ्या गरोदर बाया तलावात राहतात?"

विमलताई उभ्या राहिल्या. "उन्हाळा आहे नं, साहेब!"

*

मग हेल्थ आयडी आला. आयडीला ओटीपी लागतो, ओटीपीला मोबाईल लागतो आणि घरातला एकुलता एक मोबाईल प्रतिभाच्या नवऱ्याबरोबर हैदराबादला. तो तिकडे बांधकामावर. विमलताईंनी त्याला फोन केला.

"भाऊ, तुमच्या फोनवर सहा आकडे आले असन, थे सांगा."

"काहून सांगू? बँकवाल्यानं सांगतलं, कोनाले बी सांगाचे नाही."

"अरे, तुझ्या बायकोचं कार्ड बनवून राहिली मी!"

"सगळे असंच म्हनतात," म्हणून त्याने फोन ठेवला.

शेवटी विमलताईंनी गावातल्या सगळ्या बायांना आपल्या नवऱ्याचा, गजाननभाऊंचा, नंबर देऊन टाकला. गजाननभाऊ लाखनीला हायवेवर पंक्चर काढतात. आता ट्रकच्या चाकाखाली आडव्या झालेल्या माणसाला मेसेज येतो, "अभिनंदन! तुमच्या बाळाची हालचाल तुम्हाला जाणवत असेल."

मी त्यांची माफी मागायला गेले, तर म्हणाले, "मेसेजचं काही नाही जी. पन आजकाल मले सकाळी मळमळून राहिलं!"

*

ॲप विचारतं, शेवटच्या पाळीची तारीख कोणती. प्रतिभा सांगते, "रोवणा संपला, त्याच्या मागून." रोवणा म्हणजे भाताची लावणी. आमच्याकडे अर्धं आयुष्य रोवण्याच्या आधी असतं आणि अर्धं रोवण्यानंतर. पण ॲपला रोवणा कळत नाही. त्याला तारीखच पाहिजे.

विमलताईंनी एक सोपा उपाय काढला होता. रोवण्याच्या आगेमागे जिची शेवटची पाळी, तिची तारीख पंधरा ऑगस्ट. "झेंडा असते मॅडम, इसरत नाही."

त्यामुळे मे महिन्यात एकाच दिवशी अख्खी एकोडी बाळंत होणार होती! जिल्ह्याहून मेसेज आला, "एवढ्या प्रसूती एकाच दिवशी कशा? खात्री करा." मी घाबरून विमलताईंना विचारलं.

त्या शांतपणे म्हणाल्या, "एका दिवशी कशा होतीन? आपल्याकडे खाट तं एकच आहे!"

प्रतिभाची सोनोग्राफी जून सांगत होती. मी तारीख बदलायला गेले तर ॲप म्हणालं, एकदा भरलेली तारीख बदलता येत नाही. इतकं ठाम मला आयुष्यात कधी वागता आलं नाही.

*

मे उलटला. कोणीच बाळंत झालं नाही. अख्खी एकोडी लाल झाली आणि तालुक्याच्या सरांची व्हिडिओ मीटिंग लागली.

"एवढं लाल कायले दिसून राहिलं?"

डॉक्टर म्हणाले, "सर, तारखा चुकीच्या आहेत. बायांना अजून वेळ आहे."

"तारीख सिस्टममंधी आहे, डॉक्टर. चुकीची कशी राहीन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दर्शनाला बसले तर एकोडी हिरवीगार. तालुक्याच्या लॉगिनवरून कोणीतरी एका रात्रीत सगळ्यांना मोकळं केलं होतं. प्रतिभाच्या नावापुढे होतं, "नॉर्मल प्रसूती. मुलगा. तीन किलो. आई व बाळ सुखरूप."

आणि आई समोरच्या बाकावर बसली होती, दोन्ही हात पोटावर ठेवून, बीपी तपासायची वाट बघत. प्रतिभाने वाकून स्क्रीन वाचली. बारावी झालेली पोरगी, सगळं वाचलं तिने.

"टुरा झाला? मंग मले कायले नाही सांगतलं जी, मॅडम?"

सगळे हसले. मीही हसले. पण लाल पट्टी गेली होती.

*

हेल्पलाइन. मराठीसाठी एक दाबा. तक्रारीसाठी दोन दाबा. मग बासरी. बासरी संपली की फोन कट. माझी तक्रार कोणी ऐकण्याआधीच मेसेज आला, "आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. कृपया स्टार द्या."

एकदाच एक जिवंत माणूस सापडला. मी अख्खी रामकहाणी सांगितली.

"मॅडम, डिलिव्हरी मागे घ्यायचं ऑप्शन नाही."

"अहो, पण डिलिव्हरी झालीच नाही!"

"मग होऊ द्या ना. झाली की मॅच होऊन जाईल."

*

आणि मग ती दुपार.

विमलताई प्रतिभाला धरून घेऊन आल्या. तिचं डोकं ठणकत होतं, डोळ्यापुढे चांदण्या येत होत्या, पाय सुजून चप्पल हातात. डॉक्टरांनी बीपी घेतलं, पुन्हा घेतलं. "गाडी बोलाव. आत्ता."

मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला, प्रतिभाचा आयडी सांगितला. पलीकडे कीबोर्डची टकटक.

"ही महिला प्रसूत झालेली दाखवतंय. बाळाला काही त्रास आहे का?"

"बाळ पोटात आहे!"

"मॅडम, तुम्ही शांत व्हा. बाळाचा आयडी सांगा."

मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसमध्ये ओरडले. डॉक्टरांनी माझ्या हातातून फोन घेतला, कट केला, इंजेक्शन दिलं आणि स्वतःची गाडी काढली. मागे प्रतिभा, तिचं डोकं विमलताईंच्या मांडीवर. डॉक्टर आपला फोन घाईत टेबलावरच विसरले. म्हणजे आता एकच नंबर उरला, विमलताईंचा.

मी लावला. "संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे."

हायवेवर असतील. लाखनीला ट्रक अडकले असतील. पुन्हा लावला. बंद. पोहोचले असतील. की नसतील? सिस्टरने चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. तेवढ्यात तालुक्याच्या सरांचा फोन आला, मी दचकून उभीच राहिले. "मॅडम, अभिनंदन! आपलं केंद्र शंभर टक्के हिरवं!" मी फोन ठेवला. पुन्हा विमलताई. रिंग गेली, कोणी उचलला नाही. पुन्हा. बाहेर बाकावरची माणसं उठून घरी गेली. शिपाईकाका कुलूप घेऊन दारात उभे राहिले, माझ्याकडे बघितलं आणि स्टुलावर बसले.

पुन्हा लावला. रिंग. रिंग. मग खरखर, आणि मागे कोणीतरी बेंबीच्या देठापासून रडत होतं. कोण, ते कळेना. इकडे मीही रडायला लागले.

"हॅलो? मॅडम? विमल बोलून राहिली. अवो, रडून नका राहू, दोघी बी बऱ्या आहेत! टुरी झाली, टुरी! पन मॅडम, आता तुमच्या कम्प्युटरातला थो तीन किलोचा टुरा कोनाले द्याचा?"