मागच्या सीटचा मुद्दा

नागपुरात आमच्या घरी जेवायला बसण्याआधी पत्रकांचे गठ्ठे उचलावे लागत. पाणीपट्टी, रेशन, घरकामगारांची रजा, विषय कुठलाही असो, मजकूर आई लिहायची आणि लाल पेनाने निम्मा कापायची. जो शब्द काम करत नाही तो खोडायचा, हा तिचा नियम. मग बाबा स्कूटर काढायचे आणि आई गठ्ठा मांडीवर घेऊन मागे बसायची.

पुढे अमेरिकेत, नेपरव्हिलमध्ये, मी मोटरसायकल बांधायला घेतली, तेव्हा हाच नियम लावला आणि पांढऱ्या रंगाने टाकीवर लिहूनही टाकला. ऑफिसच्या पार्किंगमधल्या गाड्या पाहून माझं डोकं फिरतं. खोट्या जाळ्या, शोभेचे पाइप, आणि मालकाला बॉनेटखालचं काही कळू नये अशी रचना. जी वस्तू आपल्याला उघडता येत नाही, ती आपली नाही. हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते.

माझ्या जुन्या चारशे सीसी गाडीचं इंजिन जाम झालं होतं. तिच्या फ्रेममध्ये मी अपघातातल्या एका गाडीचं साडेसहाशेचं इंजिन बसवलं. गॅरेज शेजारच्या काकांचं. काका पुण्याचे, आयुष्यभर कारखान्यात मशिनी जुळवलेले. इंजिन धरणारे ब्रॅकेट आधी पुठ्ठ्याचे कापले, बसेनात म्हणून पुन्हा कापले, मग लोखंडाचे केले. पुढच्या दातेरी चक्रापासून मागच्या चाकापर्यंत चेन सरळ रेषेत आली, तेव्हा काका फक्त "हं" म्हणाले. पुणेकराकडून एवढं पुष्कळ.

नवं इंजिन जड, म्हणून बाकी सगळं हलकं करायचं ठरवलं. मोठा मडगार्ड काढला. बाजूची झाकणं काढली. एका उत्साही दुपारी ग्राइंडर घेऊन फ्रेमची मागची कमान आणि मागचे फुटरेस्टही उडवले. एकट्याची छोटी सीट लावली. बॉबर म्हणतात या पद्धतीला.

आई सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीत दादाकडे आली होती. परतण्याआधीचे दहा दिवस माझ्याकडे. फोनवर ती दर वेळी बजावायची, "गाडी झाली की मला मागे बसव हं." मी दर वेळी हो म्हणायचे.

ती गॅरेजमध्ये आली, गाडीभोवती एक चक्कर मारली.

"छान झालीय. मी कुठे बसू?"

मी सीटकडे पाहिलं. खरंच माझ्या डोक्यातून गेलं होतं.

"आई, ही स्टाइलच अशी असते. जास्तीचं काही ठेवायचं नाही."

"मी जास्तीची?"

"तसं नाही गं!"

"मजकूर छोटा करता करता मुद्दाच कापलास."

काका हसत सुटले. "ताई, मी सांगितलं होतं हिला. पण नागपूरचं डोकं, एकदा ग्राइंडर हातात आला की थांबत नाही."

"आणि पुण्याचं डोकं सांगून मोकळं होतं," आई म्हणाली.

काकांनी कोपऱ्यातली रंगाची रिकामी बादली ओढली. कापलेली कमान आणि फुटरेस्टचे तुकडे त्यांनी त्यात जपून ठेवले होते.

पुढचे पाच दिवस ऑफिस सुटलं की गॅरेज. काकांनी आतून नळीचा तुकडा घालून कमान जोडली आणि वेल्डिंग केलं. मी सीट लांब केली, फुटरेस्ट परत बसवले, मागचा ब्रेक आणि सस्पेन्शन दोघांच्या वजनाला जुळवलं. आईला बसवण्याआधी चाचणी हवी, म्हणून वीस पौंडी कणकेच्या पिशव्या मागे बांधल्या.

"पाच पुरे ना?" काकांनी विचारलं.

"सहा लावा," आई म्हणाली. "खोटं कशाला?"

सहा पिशव्या घेऊन मी खड्डे शोधत फिरले, मुद्दाम कचकन ब्रेक मारले. जोड हलला नाही, चेन रेषेतच राहिली.

रविवारी सकाळी आईने हेल्मेट घातलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून वर चढली. तिच्या पायांनी फुटरेस्ट चाचपले, आणि ते होते.

"चल," ती म्हणाली.

रेल्वे स्टेशनपर्यंत जाऊन आलो. बाबांच्या मागे बसायची तशीच ती ताठ बसली होती, मांडीवर गठ्ठा तेवढा नव्हता. परत आल्यावर उतरून तिने टाकीवर बोट ठेवलं.

"हे वाक्य खोड. गाडी तेच सांगतेय."

तेवढं मात्र मी ऐकलं नाही. ती मंगळवारी गेली. वाक्य टाकीवर आहे आणि मागची सीटही जागेवर आहे.