आबांची कालरेषा

आमच्या आबांचं निधन त्यांच्या हयातीत झालं, आणि त्याला जबाबदार मी होतो.

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस मी धरणगावच्या एका शाळेत इतिहास शिकवत होतो. शाळेला कुठल्याशा देणगीतून एक कॉम्प्युटर मिळाला. वर्गात मुलं घामाघूम, पंखा मात्र कॉम्प्युटरला! त्याच्या खोलीत चपला काढून जायचं. शिवणाच्या बाईंनी त्याला झालरीचं झबलंही शिवलं होतं. (मुलांना दर्शन खिडकीच्या गजांतून.) अशात हेडसर जळगावहून कसलंसं प्रशिक्षण घेऊन आले.

"सर, इतिहास आता फळ्यावर नाही. कॉम्प्युटरवर कालरेषा! आणि नुसते राजे नकोत, घरचा माणूसही दाखवा. शिक्षण जीवनाशी जोडायचं!"

घरचा माणूस म्हणून मी वडिलांना घेतलं. आबा दिवाळीपासून छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळले होते. त्यांची एकच इच्छा उरली होती : धाकटा भाऊ, म्हणजे बोदवडचे नाना, एकदा डोळ्यांनी दिसावा. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं बिनसलं, त्याला कित्येक वर्षं झाली होती. मी स्वतः बोदवडला जाऊन हातापाया पडून आलो. नाना म्हणाले, "मी आते त्याना मयतलेच येसू." नाना शब्दाचे पक्के. हीच तर पंचाईत!

कॉम्प्युटरवर प्रत्येक नावापुढे दोन चौकटी होत्या. 'पासून' आणि 'पर्यंत'. यादव, मुघल, पेशवे बिनतक्रार बसले. सगळे संपलेलेच. आबांची दुसरी चौकट रिकामी सोडली की मात्र यंत्र 'टुंग' करून अडून बसायचं. शेवटी मी आजची तारीख टाकली. आबा आजपर्यंत आहेत, यात खोटं काय? (हा तर्क मला अजूनही निर्दोष वाटतो. म्हणूनच मी शिक्षक.)

हेडसरांनी ती कालरेषा कागदावर छापून घेतली आणि मोठ्या अभिमानानं फाटकाबाहेरच्या फळ्यावर लावली. त्या फळ्यावर गाव फक्त निधनवार्ता लावत असे. माणसाचं नाव आणि पुढे दोन तारखा दिसल्या की लोक टोपी काढत. पेशव्यांच्या खाली आबा. पेशव्यांबद्दल कुणाला काही वाटलं नाही. ते गेल्याचं गावाला आधीच माहीत होतं.

संध्याकाळी शेजारच्या अक्का हंबरडा फोडतच घरात शिरल्या. आबांनी खाटेवरून विचारलं, "कोन गये वं, अक्का?"

"तुम्हीच ना, आबा!" अक्का म्हणाल्या, आणि मग किंचाळल्या.

तोवर अंगण भरलं होतं. सांत्वनाला दारावर आलेल्या माणसाला 'माणूस जिवंत आहे, परत जा' असं सांगायची रीतच आमच्याकडे नाही. लोक खाली मान घालून बसूनच राहिले. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून कुणी पिठलं-भाकरी आणली. एकजण बांबू आणि सुतळी घेऊन आला. आबांना पाहून त्याचा चेहराच उतरला!

आणि कुणा भाऊबंदानं बोदवडला फोनही करून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत नानांचा आवाज आला, "मना भाऊ रे!" मी सांगायला धावलो, तर आबांनी माझं मनगट धरलं. "सांगू नको. जित्ता शे म्हनशी, तं उंबऱ्यावरूनच फिरी जाई." आणि त्यांनी चादर तोंडावर ओढून घेतली.

नाना आत आले ते थेट पायांवर कोसळले. "पानीनी सारी पाळी तूच ले रे, पन उठ!"

चादरीखाली आबांना खोकला आला. (आनंदाचा की छातीचा, ते कधीच कळलं नाही.)

नानांनी पाय सोडले. मग हळूच म्हणाले, "जित्ता शे?"

"शे. बठ," चादर म्हणाली.

नाना माझ्याकडे वळले. "कोनी मारं याले?"

"कॉम्प्युटरनं," मी म्हणालो.

"आनि कॉम्प्युटरले कोनी सांगं?"

नाना बसले. दोघा भावांनी आबांच्याच दुखवट्याची शिळी भाकरी खाल्ली. पाण्याच्या पाळीची गोष्ट कुणी काढली नाही. मी गाढव आहे, यावर मात्र पहिल्याच घासाला एकमत झालं. पुढे नाना अधूनमधून येत राहिले, आणि दुसरा विषय संपला की हाच निघायचा.

उन्हाळ्याच्या तोंडाशी आबा खरोखरच गेले. बोदवडला फोन मीच केला. नाना आले, पण या वेळी रडले नाहीत. चादर बाजूला करून भावाच्या नाकाखाली बोट धरून कितीतरी वेळ बसून राहिले. बायांना गलबलून आलं. मलाही. मी वाकून म्हणालो, "नाना, उठा आता."

त्यांनी बोट हलवलं नाही.

"थांब जरासा," ते म्हणाले. "खबर तूच दिधी ना."