उजेडाचा पत्रा

विमा कंपनीत त्यांना सगळे 'गारावाले' म्हणत. गारा पडल्या तर इमारतीचं किती नुकसान होईल, हे ठरवायचं त्यांचं काम. शिडी लावून छपरावर चढायचं, पत्र्याची जाडी मोजायची, कौलांच्या चिरा बघायच्या आणि फॉर्मवर जोखमीचा आकडा टाकायचा, एक ते पाच. सव्वीस वर्षं हेच केल्यामुळे रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं तरी त्यांना आधी त्याच्या मागचं छप्पर दिसायचं.

घरी मात्र त्यांचं काही चालत नसे. घर सासूबाईंचं. त्यांची उजवी बाजू लुळी पडली, तेव्हा हे दोघं नवरा-बायको तिथे राहायला आले. सासूबाईंचा पलंग मागच्या खोलीत, छपरातल्या पारदर्शक फायबरच्या पत्र्याखाली. तेवढ्या तुकड्यातून त्या दिवसभर ढग बघत. पत्रा उन्हानं वाळून पापडासारखा झाला होता. गारावाल्यांनी पहिल्याच दिवशी मनात आकडा टाकला, पाच.

"आई, यावर लोखंडी पत्रा टाकून देतो."

"मला उठता येत नाही, बसता येत नाही. आता आभाळही काढून घेता का जावईबापू?"

पलंग सरकवावा तर दार उघडेना, एवढीशी खोली. बायको म्हणाली, "तुम्ही सकाळी निघून जाता. दिवसभर तिची कुरकुर मला ऐकायची असते. राहू द्या." त्यांनी राहू दिलं.

एका दुपारी ते गावाबाहेरच्या सुताच्या गोदामावर होते. ढगाला हिरवट झाक आली तसे ते घाईनं उतरले, आणि गारा सुरू झाल्या. गोदामाच्या रखवालदारानं दार लावून घेतलं. "साहेब, बाहेर पाऊल टाकू नका, डोकं फुटेल."

तेवढ्यात बायकोचा फोन आला. पत्र्यावरच्या दणदणाटात ते ओरडले, "आईंना बाहेर ओढ!"

"एकटीनं? जागची हलत नाही ती!"

"मग टेबल घाल वर!"

"दारातून येत नाही हो टेबल!"

फोन तुटला, पुन्हा लागेना. दाराच्या फटीतून एक गार आत घरंगळली. सवयीनं त्यांनी ती मापून पाहिली. लिंबाएवढी होती. तिच्यापुढे घरचा पत्रा टिकणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि वीस मिनिटं ते दाराला पाठ लावून उभे राहिले.

घरी पोचले तेव्हा पत्रा फुटलेला. बायको पाठीवर गादी ओढून आईवर पालथी पडली होती, ती अजून तशीच होती. आईंना ओरखडासुद्धा नव्हता. बायकोचा खांदा काळानिळा झाला होता.

"टाका तुमचा लोखंडी पत्रा," सासूबाई रडत म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो टाकला. आता मागच्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागतो. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडतात आणि मधूनच विचारतात, "दुपार झाली का ग?" बायकोचा हात अजून वर जात नाही.

संध्याकाळी गारावाले पलंगाशी बसतात.

"आज ढग कसे होते?" सासूबाई विचारतात.

"होते थोडे. पांढरे."

"कुठल्या दिशेला चालले होते?"

दिवसभरात त्यांची चार छपरं चढून झालेली असतात, पण वर पाहिलेलं नसतं.

"राहू द्या," सासूबाई म्हणतात. "उद्या बघून या."