मुद्देमालातलं कुंकू

ते प्रकरण आठवलं, की मुद्देमालाच्या खोलीत तिरपं शिरलेलं दुपारचं ऊन अजून दिसतं. मी पोलीस ठाण्यात झाडलोट करायचे. शिक्षण चौथीपर्यंत, पण ऐकून ऐकून पंचनामा पाठ झाला होता.

पुण्यात तेव्हा कॉम्प्युटरच्या कंपन्या येत होत्या आणि लग्नांतून बँड जात होते. एका म्हाताऱ्या बँडवाल्याने तक्रार दिली, की त्याची बास क्लॅरिनेट चोरीला गेली. पुढे खबर लागली आणि बुधवार पेठेतल्या जुन्या वाद्यांच्या दुकानातून साहेबांनी ती जप्त केली. काळ्या लाकडाची लांब नळी, खालच्या टोकाला वरच्या दिशेने वळलेलं रुपेरी तोंड. हवालदारांनी पंचनाम्यात लिहिलं, 'सॅक्सोफोन, जुना, भंगार.'

दुकानदार डगमगला नाही. "परदेशी माल आहे साहेब. एका इंजिनिअरने तिकडून आणला, मी घेतला. ही पावती."

म्हाताऱ्याकडे पावती नव्हती. पलटणीच्या बँडमधल्या उस्तादांनी ती त्याला दिली होती.

"खूण सांगा, आजोबा," साहेब म्हणाले.

"आवाज, साहेब."

"आवाजाचा पंचनामा होत नाही."

म्हातारा रोज येऊन बाकावर बसायचा. डोळे मिटलेले, बोटं मांडीवर हलत असायची. जणू वाद्य अजून हातातच होतं.

एका दुपारी त्या वाद्यावरची धूळ पुसताना माझा हात थांबला. मागे, अंगठा टेकवायचा धातूचा आधार असतो, त्याच्या खाली बारीक लाल रेघ होती. खंडेनवमीला ठाण्यात शस्त्रांबरोबर बेड्यांचीही पूजा होते. त्यांच्या बिजागरीत अडकलेलं कुंकू मी दिवाळीपर्यंत काढत असायचे. म्हणून ते ओळखलं.

साहेबांपुढे मी कधी तोंड उघडलं नव्हतं. पाण्याचा पेला ठेवला आणि खाली बघूनच विचारलं, "साहेब, वाद्याचं कुंकू पुसू, की राहू दे?"

साहेब उठले, खोलीत जाऊन बघून आले. वाद्य न दाखवता त्यांनी म्हाताऱ्याला विचारलं, "खंडेनवमीला पूजेचं कुंकू कुठे लावता?"

"मागे, अंगठ्याच्या आधाराखाली. सगळा भार तिथे येतो ना."

मग दुकानदाराला बोलावलं. "काय हो, तुमचा इंजिनिअर तिकडे खंडेनवमी करायचा का?"

दुकानदाराने पाणी मागितलं. "आजोबांच्या बँडमधल्याच एकाने आणून दिली. पावती मीच केली."

"गिऱ्हाइकाला किंमत काय सांगत होतात?"

"सत्तर हजार."

हवालदारांचं पेन थांबलं. पुरवणी पंचनाम्यात त्यांनी वाद्याचं खरं नाव म्हाताऱ्याला विचारून लिहिलं.

"सत्तर हजार?" म्हातारा पुटपुटला. "मी तर सायकलला बांधून न्यायचो."

कोर्टाच्या हुकमाने सुपूर्दनाम्यावर सही करून त्याने ती ताब्यात घेतली आणि तिथेच एक खालचा सूर धरला. खडकवासला धरणाच्या भिंतीआड साठलेल्या पाण्यासारखा, खोल आणि शांत. वाजणारा फोनही कोणी उचलला नाही.

माणूस जिथे हात जोडतो, तिथे त्याची खूण राहते, एवढं मी त्यातून शिकले. आता घरातही कुठली वस्तू पुसायच्या आधी मी ती उलटी करून बघते.